पाण्याचें गणित आणि त्याचें प्रामाण्य

गेल्या पावसाळ्यांत एका संध्याकाळीं, आमच्या शेजारच्या घरीं लहानाचा मोठा झालेला एक तरुण आम्हांस भेटावयास आला. तो जहाजांचे आराखडे करणाऱ्या एका संस्थेंत इंजिनियर आहे. जहाज पाण्यांतून जाऊं लागलें म्हणजे पाणी त्याला किती अडवील, त्याच्या पिछाडीस प्रवाह कसा वळेल, पंख्यावर किती भार येईल, हें सर्व जहाज बांधण्यापूर्वींच संगणकावर गणितानें काढावयाचें, हें त्याचें नित्याचें काम. चहा झाला, इकडचें तिकडचें बोलणें संपलें, तरी तो उठेना. शेवटीं म्हणाला, "काका, तुम्ही तर्कशास्त्र शिकवितां म्हणून विचारतों. माझें उत्तर बरोबर आलें आहे. पण मी खोटें बोललों कीं काय, असें मला सारखें वाटतें."

हकीकत अशी होती. एका मालवाहू जहाजाचा रोध त्याला काढावयाचा होता. त्याच जहाजाची लहान प्रतिकृति प्रयोगाच्या हौदांत ओढून मोजलेला आंकडा आधींच त्याच्या टेबलावर होता. त्याचा पहिला हिशोब हौदाच्या आंकड्याहून शेंकडा सहानें अधिक आला. त्यानें पिछाडीजवळची गणिताची जाळी अधिक बारीक केली. उत्तर शेंकडा तीन अधिक आलें. मग पाण्यांतील खळबळीविषयींचा गृहीत नियम बदलला. उत्तर साडेतीन कमी आलें. शेवटीं नवा नियम ठेवून तो पुन्हां पहिल्याच जाड जाळीकडे वळला, आणि उत्तर अवघें अर्ध्या टक्क्यानें कमी, म्हणजे जवळ जवळ तंतोतंत जुळलें. अहवालांत हाच चौथा हिशोब गेला. वरिष्ठांनीं पाठ थोपटली, आणि नव्यानें घेतलेल्या तिघां पदवीधरांस हें शास्त्र शिकविण्याचें काम त्याच्यावर सोंपविलें. "त्यांना मी काय शिकवूं?" तो म्हणाला. "चौथा हिशोब कसा साधला तें, कीं पहिले तीन कां साधले नाहींत तें? दुसऱ्याचें उत्तर मलाच नीटसें ठाऊक नाहीं."

आम्हीं त्या वेळीं त्याला म्हटलें, "उत्तर हौदाशीं जुळलें ना? मग खोटें कसें?" तो हंसला व निघून गेला. त्या हंसण्यानें आम्हांस रात्रीं झोंप लागली नाहीं. जन्मभर विद्यार्थ्यांस निगमन आणि हेत्वाभास यांतील भेद समजावून सांगणाऱ्या माणसानें असें उत्तर द्यावें, ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. नंतरच्या चार-पांच बैठकींत त्या तरुणानें आम्हांस जें समजावून दिलें, त्याच्याच आधारावर ती आम्ही करीत आहों.

पाण्याचें गणित मुळांत जुनें आहे. न्यूटनचे गतीचे नियम पाण्याच्या प्रत्येक कणास लावून आणि पाण्याचा अंगचा चिकटपणा हिशोबांत धरून जीं समीकरणें मिळतात, तीं फ्रान्समध्यें नाव्हिएनें १८२२ सालीं व इंग्लंडमध्यें स्टोक्सनें १८४५ सालीं मांडलीं. कागदावर तीं दोन-चार ओळींत मावतात. परंतु जहाजासारख्या वांकड्यातिकड्या वस्तूभोंवतीं तीं सोडविण्याची सरळ रीत कोणासहि सांपडलेली नाहीं. तीन मितींत त्यांचीं उत्तरें नेहमीं सुरळीत राहतात कीं मध्येंच फुटतात, एवढें सिद्ध करणारासहि अमेरिकेंतील क्ले गणित संस्थेनें २००० सालीं दहा लाख डॉलरांचें बक्षीस लाविलें. तेव्हां समीकरण सोडविण्याचा नाद सोडून, जहाजाभोंवतालच्या पाण्याचे लहान लहान खण पाडावयाचे, आणि शेजारच्या खणांतून आंत किती पाणी आलें व बाहेर किती गेलें याचा जमाखर्च प्रत्येक खणांत मांडावयाचा, अशी युक्ति निघाली. या खणांची संख्या लाखांत असते, पुष्कळदां कोटींत जाते. हाच संगणकाचा धंदा. किराणा दुकानदाराची रोजकीर्द आणि ही रोजकीर्द यांत तत्त्वतः फारसा फरक नाहीं. फक्त येथें गिऱ्हाइकें कोटींनीं मोजावीं लागतात.

या जमाखर्चांत दोन ठिकाणीं असत्य शिरतें, आणि तें कोणाच्या लबाडीनें नव्हे, तर निरुपायानें शिरतें. पहिलें जाळीचें. खण जितका मोठा तितकें त्याच्या पोटांतील पाणी सरासरीनें धरावें लागतें, आणि सरासरीनें धरलेलें पाणी खऱ्या पाण्यापेक्षां अधिक चिकट असल्यासारखें वागतें. जहाजाच्या नाळेपासून निघालेली लाट खऱ्या समुद्रांत दूरवर जाते. जाड जाळींत ती थोड्याच अंतरावर विरून जाते. समुद्रानें तिला विरविलें नाहीं, गणितानें विरविलें. हा चिकटपणा निसर्गांत कोठेंहि नाहीं. तो आमच्या कंजूषपणाचा आहे.

दुसरें असत्य खळबळीचें. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनें १८८३ सालीं कांचेच्या नळींतून पाणी सोडून त्यांत रंगाची एक बारीक धार मिसळली. वेग थोडा असतां ती धार सुतासारखी सरळ जाई; वेग वाढतांच ती एकाएकीं विस्कटून सर्व नळीभर पसरे. जहाजाच्या अंगालगतचें पाणी असेंच विस्कटलेलें असतें, आणि त्यांतील भोवरे इतके बारीक असतात कीं तितके बारीक खण पाडूं म्हटलें तर आजचे थोरले संगणकहि पुरे पडत नाहींत. म्हणून रेनॉल्ड्सनेंच १८९५ सालीं दाखविलेल्या वाटेनें सरासरी प्रवाह तेवढा घ्यावयाचा, आणि भोवऱ्यांचा परिणाम कांहीं गृहीत नियमांनीं भागवावयाचा. या नियमांत स्थिरांक असतात. लाँडर व स्पॉल्डिंग यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या नियमांतील ०.०९, १.४४, १.९२ हे आंकडे या धंद्यांतील प्रत्येकाच्या तोंडीं असतात. ते कोणत्याहि मूलतत्त्वाच्या पोटांतून जसेच्या तसे निघालेले नाहींत. साध्या प्रवाहांवरील प्रयोगांशीं जुळवून ते ठरविलेले आहेत. साध्या प्रवाहांत ते चांगले चालतात. जहाजाच्या पिछाडीस प्रवाह वळतो, मंदावतो, अंगापासून सुटूं पाहतो. तेथें ते चालतीलच असें नाहीं. १९८० सालीं स्वीडनमधील गोथेनबर्ग येथें निरनिराळ्या देशांतील गणकांनीं एकाच जहाजाकृतीचे आपापले हिशोब पुढें मांडले, तेव्हां अंगाच्या बऱ्याच भागावर ते ठीक उतरले आणि पिछाडीस येतांच सर्वांचे गडबडले. पुढें अशा परिषदा वरचेवर भरत गेल्या व हिशोब पुष्कळ सुधारले. तरी नियम बदलला कीं उत्तर बदलतें, ही गोष्ट कांहीं बदललेली नाहीं.

आणि संगणक तर उत्तर देतोच देतो. हें त्याचें मोठें वैगुण्य आम्हांस वाटतें. विद्यार्थी अडला म्हणजे निदान कागद कोरा ठेवतो. आपणांस हें येत नाहीं, अशी ती कबुली असते. संगणक सहसा कागद कोरा ठेवीत नाहीं. वाईट जाळी, चुकीचा नियम, अपुरा वेळ, कांहींहि द्या. तो तांबड्या, पिवळ्या, निळ्या रंगांत जहाजाचें असें देखणें चित्र काढून देतो कीं पाहणारानें मान डोलवावी. त्या तरुणानें आपल्या चारी हिशोबांचीं चित्रें आम्हांस दाखविलीं. आम्हांस त्यांत कांहींच फरक दिसला नाहीं. चारीहि सारखींच सुंदर होतीं.

आतां कोणी म्हणेल, म्हणूनच तर हौद आहे. गणितावर विश्वास नको, पण मोजमापावर तर हवा? येथें विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियराची कथा सांगणें अवश्य आहे, कारण आज जगांतील सर्व हौद ज्याच्या पुण्याईवर उभे आहेत, त्या गृहस्थानें हौदावर किती बेताचा विश्वास ठेविला होता हें विसरलें जातें. लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाचें भाकीत करतां येतें, हें त्या काळीं बहुतेक जाणत्यांस मान्य नव्हतें. १८६९ सालीं ब्रिटिश असोसिएशननें नेमलेल्या समितीनें प्रयोग पूर्ण आकाराच्या जहाजांवरच करावेत अशी शिफारस केली, व समितींतील एकट्या फ्रूडनें आपला भिन्न मताचा शेरा नोंदविला. त्याच्या दोन वर्षें आधीं, १८६७ सालीं, त्यानें डार्ट नदींत 'स्वॉन' व 'रेव्हन' या दोन आकारांच्या तीन, सहा व बारा फूट लांबीच्या प्रतिकृति ओढून पाहिल्या होत्या. एकच आकार सर्व वेगांस उत्तम, हा भ्रम त्या प्रयोगांनीं मोडला. पुढें सरकारनें दोन हजार पौंड दिले, आणि १८७२ सालीं टॉर्की येथें त्याच्या घराशेजारीं पावणेतीनशें फुटांहून लांब असा हौद सुरू झाला.

परंतु खरी गोम पुढेंच आहे. प्रतिकृति जहाजाच्या पंचविसाव्या हिश्श्याची असेल तर लाटा जुळाव्या म्हणून तिला जहाजाच्या एक पंचमांश वेगानें ओढावें लागतें. पाण्याचें घर्षण जुळावें म्हणाल, तर उलट पंचवीसपट वेगानें ओढावें लागेल. त्याच पाण्यांत दोन्ही गोष्टी एकदम साधणें अशक्य. म्हणजे हौदांतील प्रतिकृति हें जहाजाचें खरें लहान रूप नव्हेच. तेंहि अर्धें अनुमान आहे. फ्रूडनें हें लपविलें नाहीं. त्यानें रोधाचे दोन भाग केले, घर्षणाचा भाग लांब फळ्या पाण्यांतून ओढून निराळा मोजला, आणि शिवाय १८७१ सालीं 'ग्रेहाउंड' हें खरें लढाऊ जहाज दुसऱ्या जहाजाकडून भर समुद्रांत ओढवून दोरावरील ताण मोजला. मग प्रतिकृतीचें भाकीत व जहाजाचें मोजमाप हीं दोन्ही शेजारीं शेजारीं लोकांपुढें मांडलीं. भाकीत जवळ जवळ खरें ठरलें. पण तें खोटें ठरण्यास त्यानें पुरी जागा ठेविली होती, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. पुण्याजवळ खडकवासल्यास, १९१६ सालीं स्थापन झालेल्या जल-संशोधन संस्थेंत, बंदरांच्या व नद्यांच्या अंगणाएवढ्या प्रतिकृति ज्यांनीं पाहिल्या असतील त्यांस ही शिस्त ठाऊक असेल. भाकीत आधीं, ताळा मागाहून.

आमच्या तरुण मित्रानें नेमकें उलट केलें होतें. त्यानें ताळा आधीं पाहिला आणि भाकीत मागाहून केलें. आमच्या लहानपणीं अंकगणिताच्या पुस्तकांत शेवटीं उत्तरें दिलेलीं असत. हुशार मुलें तीं आधीं पाहून उलट्या वाटेनें गणित जमवीत. म्हणूनच जुने मास्तर उत्तराला एक गुण व रीतीला चार गुण देत. हें शास्त्र शिकणाऱ्यांचीहि अडचण अशीच आहे. जगभर या विषयाच्या विद्यार्थ्यांस सरावासाठीं ज्या जहाजाकृति देतात, त्यांतील दोन फार प्रसिद्ध आकृति कोरियांतील एका संशोधन संस्थेनें आंखलेल्या आहेत. एक तेलवाहू जहाजाची, दुसरी पेट्या वाहणाऱ्या जहाजाची. या आकृतींचें पूर्ण आकाराचें जहाज आजवर कोणीं बांधलेलें नाहीं. तीं जहाजें फक्त हौदांत व संगणकांत आहेत, आणि त्यांचीं उत्तरें सर्वांस पाठ आहेत. त्यांवर हात बसविणाऱ्या विद्यार्थ्यास जहाज समजलें कीं उत्तर समजलें, हें कसें ओळखावें?

आमच्याकडील दर्शनकारांनीं हा प्रश्न फार पूर्वीं ओळखला होता. ज्ञानाचें प्रामाण्य स्वतःसिद्ध असतें असें मीमांसकांचें म्हणणें. तें बाहेरून, प्रवृत्तीच्या साफल्यावरून ठरतें असें नैयायिकांचें. दूर पाणी दिसलें. जवळ जाऊन प्याल्यावर तहान भागली, म्हणजे तें पाणीच होतें, मृगजळ नव्हतें. आमचें त्या संध्याकाळचें उत्तर ढोबळमानानें नैयायिकांचें होतें. उत्तर जुळलें, तहान भागली, मग आणखी काय हवें? परंतु सातव्या शतकांतील बौद्ध पंडित धर्मकीर्ति यानें एक अडचणीचा दृष्टांत देऊन ठेविला आहे. दोन माणसें दूर प्रकाश पाहून तोच मणि समजून धांवत सुटतात. एकानें पाहिलेला प्रकाश मण्याचा असतो, दुसऱ्यानें पाहिलेला दिव्याचा. प्रकाशालाच मणि समजण्याची चूक दोघांचीहि सारखीच; पण पहिल्याला मणि मिळतो, दुसऱ्याला मिळत नाहीं. धर्मकीर्तीनें या दृष्टांताचा उपयोग निराळ्या हेतूनें केला आहे. अनुमानाचा विषय खरा नसतांहि तें फलदायी कां होतें, हें त्याला दाखवावयाचें होतें. आम्ही येथें तो आमच्या कामापुरता घेतों. ज्याला मणि मिळाला त्याच्या मनांत काय घडतें? तो प्रकाशामागें धांवण्याचीच विद्या शिष्यांस शिकवूं लागतो. लांकडांत किड्यानें कोरलेल्या रेषा कधीं अक्षरासारख्या दिसतात, त्याला आपण घुणाक्षरन्याय म्हणतों. पण त्या किड्याला पाठशाळा काढावयास कोणी सांगत नाहीं. आमच्या मित्राला सांगितलें होतें.

त्याच्या चौथ्या हिशोबांत दोन चुका होत्या आणि त्या एकमेकींस खात होत्या. जाड जाळीनें रोध वाढविला, नव्या नियमानें तो तितकाच घटविला. या जहाजापुरती बेरीज शून्याजवळ आली. पुढच्या जहाजाची पिछाडी थोडी भरीव असेल, वेग थोडा अधिक असेल, तेव्हां त्या दोन चुका एकमेकींस खातील कीं एकीचा हात धरून दुसरी नाचूं लागेल, हें कोण सांगणार? आणि संगणकाचें गणित मुळीं असतें तें त्या पुढच्या जहाजासाठींच. ज्याचा आंकडा हौदानें दिलेलाच आहे त्यासाठीं गणित कोणी करीत नाहीं. म्हणून 'उत्तर जुळलें' हें वाक्य या जहाजाविषयीं खरें असूनहि, त्यांतून ऐकणारा जें समजतो, म्हणजे 'ही रीत विश्वासार्ह आहे' असें, तें खोटें होतें. ऐकणारानें तसें समजावें म्हणूनच तर तें वाक्य अहवालांत लिहिलेलें होतें.

कोणी म्हणेल, शेंकडा तीन-चारांचा एवढा बाऊ कशाला? जहाजाच्या धंद्यांत तो हिशोब लहान नाहीं. ठरलेला वेग चांचणीच्या दिवशीं निघाला नाहीं तर बांधणारास दंड बसतो. जळणाचा खर्च जहाजाच्या सबंध आयुष्यभर चालतो. आणि २०१३ सालापासून नव्या जहाजांस इंधनाच्या कार्यक्षमतेची आंतरराष्ट्रीय अटहि पाळावी लागते. पण धनहानि बाजूस ठेवूं. खण पाडून केलेल्या हिशोबावरील आंधळा विश्वास कोठवर नेतो याचें उदाहरण नॉर्वेंत घडलें आहे. २३ ऑगस्ट १९९१ रोजीं तेथील खाडींत समुद्रांतील तेलविहिरीसाठीं बांधलेला 'स्लाइपनर' नांवाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चांचणीच्या वेळीं फुटून तळाशीं गेला. तो हिशोब पाण्याच्या प्रवाहाचा नव्हता, काँक्रीटच्या भिंतींचा होता. परंतु जाळी तीच. भिंती जेथें एकमेकींस मिळत होत्या तेथें ती जाड व बेढब पडली, आणि तेथील कातर-ताण जवळ जवळ शेंकडा ४७ नें कमी आला. मागाहून नीट हिशोब केला तेव्हां भिंत ६२ मीटर खोलीवर फुटावी असें उत्तर आलें. ती प्रत्यक्षांत ६५ मीटरांवर फुटली होती. मनुष्यहानि झाली नाहीं, हें दैव. कोणीं लबाडी केली होती असें नाहीं. आंकडा मिळाला होता आणि तो ज्या वाटेनें आला ती वाट कोणीं पुरती तपासली नव्हती, इतकेंच.

या उलट एका माणसाची आठवण आम्हांस येते. लुइस फ्राय रिचर्डसन हा क्वेकर पंथाचा इंग्रज. युद्ध पापमय मानणारा, म्हणून पहिल्या महायुद्धांत हातीं शस्त्र न घेतां फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची गाडी हांकीत होता. हवा हाहि एक प्रवाहीच पदार्थ. तिच्या समीकरणांचे खण पाडून उद्यांचें हवामान आज काढतां येईल, अशी त्याची कल्पना. फावल्या वेळीं त्यानें २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेऊन मध्य युरोपांतील सहा तासांचा हिशोब हातानें केला. त्याचें हस्तलिखित १९१७ सालच्या लढाईच्या धामधुमींत हरवलें, आणि कांहीं महिन्यांनीं बेल्जममध्यें कोळशाच्या ढिगाखालीं सांपडलें. हिशोबाचें उत्तर आलें कीं, सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारांनीं वाढेल. प्रत्यक्षांत तो जवळ जवळ हललाच नव्हता. असें उत्तर निसर्गांत संभवतच नाहीं. आणि रिचर्डसनला खरें उत्तर आधींच ठाऊक होतें! एखादा स्थिरांक इकडे, एखादी नोंद तिकडे सरकवून आंकडा सभ्य करणें त्याच्या हातचें होतें. त्यानें १९२२ सालीं आपल्या ग्रंथांत तो हिशोब जसाच्या तसा, सर्व कोष्टकांसह छापला, व उत्तर चुकलें आहे असें सांगितलें. कित्येक दशकांनीं आयर्लंडमधील हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनीं तीच कोष्टकें संगणकावर पुन्हां करून पाहिलीं, तेव्हां कळलें कीं रीत मुळांत चूक नव्हती. आरंभींच्या नोंदींत असमतोल होता, तो काढून टाकतांच उत्तर शहाण्यासारखें येतें. रिचर्डसननें उत्तर जुळवून छापलें असतें तर हें कोणासहि कळलें नसतें. आणि योगायोग असा कीं, जाळी बारीक करीत जाऊन तिच्या चुकीचा अंदाज बांधण्याची जी रीत आज जहाजाच्या इंजिनियरांस शिकवितात, तीहि याच रिचर्डसनच्या नांवें चालते; दगडी धरणावरील त्याच्या १९११ च्या निबंधांतून ती आली.

आमच्या मित्राचा प्रतिपक्षहि ऐकला पाहिजे, कारण तो पोकळ नाहीं. तो म्हणाला, "काका, गोदीवाल्याला एक आंकडा हवा असतो. मी त्याला चार दिले तर तो पांचवा देणाऱ्याकडे जाईल." हें खरें आहे. शिवाय जुळवणूक ही स्वतः पाप नव्हे. ज्ञात जहाजावर गणित जुळवून घेऊन त्याच्या सख्ख्या भावासारख्या जहाजास तेंच लावणें ही या धंद्यांतील उघड व मान्य रीत आहे, आणि उघड आहे म्हणूनच ती प्रामाणिक आहे. जुळवलें हें सांगितलें कीं ऐकणारा आपली सावधगिरी स्वतः बाळगतो. आम्हां तर्कशास्त्र शिकविणाऱ्यांस आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचा संशय फुकटचा असतो; त्यासाठीं आमचें एकहि जहाज बंदरांत अडून पडत नाहीं. इंजिनियराला संशयासकट निर्णय द्यावा लागतो. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यानें पिढ्यान् पिढ्या जहाजें बांधलीं तीं समीकरणांवांचून; जमशेटजी बमनजींनीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' आज दोनशें वर्षांनंतरहि इंग्लंडांत हार्टलपूलला तरंगत आहे. त्यांच्याजवळ कोणता अहवाल होता? परंतु त्यांची गोष्ट निराळी होती. जहाज मोडतोडीसाठीं पुन्हां त्यांच्याच गोदींत येई, कधीं बापाचें जहाज मुलाच्या हातीं येई. चूक तिच्या धन्याकडे चालत येई. आमच्या मित्रानें गेल्या सहा वर्षांत ज्या जहाजांचे हिशोब केले त्यांतील एकहि त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. त्याची चूक त्याच्याकडे कोणत्या पत्त्यावर येणार?

आमच्या मतें शिक्षणाचा प्रश्न येथेंच आहे. संगणकप्रणाली चालवावयास शिकविणें आतां अवघड राहिलेलें नाहीं. २००४ पासून 'ओपनफोम' सारखी प्रणाली कोणासहि विनामूल्य मिळते, आणि हुशार मुलगा थोड्याच दिवसांत रंगीत चित्रें काढूं लागतो. त्याला शिकवावयाचें तें चुकीला परत घरीं बोलावणें. त्यानें आधीं एका मितीचा साधा प्रवाह कागदावर, दहा खण पाडून, पेन्सिलीनें सोडवावा; सरळ उभी धार तिसऱ्या-चौथ्या पायरीस कशी लोळागोळा होते हें आपल्याच हस्ताक्षरांत पाहावें. मग जाळीचा खोटा चिकटपणा त्याला कोणी समजावून सांगावा लागणार नाहीं. आणि ज्याचें उत्तर ठाऊक नाहीं असा एक तरी हिशोब त्याच्याकडून व्हावा. २०१६ सालीं लॉइड्स रजिस्टर या संस्थेनें साउदॅम्प्टनला तसें केलें. एका खऱ्या मालवाहू जहाजाचीं समुद्रावरील मोजमापें मुठींत ठेवून निरनिराळ्या मंडळींस हिशोब करावयास लाविले, आणि सर्वांचे आंकडे हातीं आल्यावर मग मूठ उघडली. शिक्षकानेंहि आपले फसलेले हिशोब शिष्यांपुढें ठेवावे. केराच्या टोपलींत काय जातें यावर शिष्याची नजर असते. अहवालापेक्षां तो तेंच आधीं शिकतो.

हें सर्व आम्हीं त्या तरुणास, मागच्या उत्तराबद्दल क्षमा मागून, सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. गणपतीनंतर त्याचें पत्र आलें. जुन्या अहवालास त्यानें एक पान जोडून दिलें आहे. त्यांत चारी आंकडे आहेत. वरिष्ठ दोन दिवस नीट बोलले नाहींत, मग त्यांनीं विचारलें कीं दुसऱ्या जहाजांच्या अहवालांसहि असें पान जोडतां येईल काय. तिघां नवशिक्यांस त्यानें एका जहाजाचे नकाशे दिले आणि हौदाचा अहवाल कपाटांत बंद करून किल्ली कचेरींतील कारकुनाजवळ ठेविली. प्रत्येकानें आपला आंकडा व तो किती चुकूं शकेल याची मर्यादा एका कागदावर सही करून द्यावयाची होती. कपाट उघडलें तेव्हां पहिल्याचा आंकडा शेंकडा पांचानें कमी निघाला, पण त्यानें लिहिलेल्या मर्यादेच्या आंत होता. दुसरीचा तीनानें अधिक व मर्यादेबाहेर. ती आपली चूक अजून शोधीत आहे. तिसऱ्याचा आंकडा हौदाशीं अगदीं जुळला. त्याची जाळी तिघांत सर्वांत जाड होती, व मर्यादेची जागा त्यानें कोरी सोडली होती. त्याला तो हिशोब पुन्हां करावयास सांगितला आहे.